मिरजेला हलवलेली सात माणसं

धोंडीराम हवालदारांच्या सिनेमात कोणी मरत नसे.

सिनेमा खुनांचा होता. मी दोन वेळा मोजले, दोन्ही वेळा सात भरले. चार सुऱ्याने, एक दोरीने, एक न्हाणीघरात बुडवून आणि एक जिन्यावरून ढकलून. यातला एकही खून हवालदारांनी पुरा होऊ दिला नाही. पडद्यावर सुरा खाली यायचा, बाई किंचाळून कोसळायची, आणि तंबूतल्या कर्ण्यातून हवालदारांचा शांत आवाज यायचा, "घाबरू नका. गाडी आलेली हाय. मिरजेला हलवलं तिला."

आमच्याकडे दुखणं हाताबाहेर गेलं की माणसाला मिरजेला नेतात. तिथल्या डॉक्टरांवर लोकांचा देवाच्या खालोखाल विश्वास. त्यामुळे पहिले दोन-तीन खून प्रेक्षक चालवून घ्यायचे. चौथ्यानंतर कुरबूर सुरू व्हायची.

"आवं हवालदार, मुंडकं वायलं झालंय की त्याचं."

"मिरजेला जोडत्यात."

"आवं पन खाट तरी हाय का शिल्लक तिथं? ह्यो सहावा."

"व्हरांड्यात टाकलाय."

मी तेव्हा सांगलीच्या एका दैनिकाचा इस्लामपूरचा वार्ताहर होतो. सत्तरीचं दशक अजून अर्ध्यावर आलं नव्हतं. ऊस, साखर कारखान्याच्या सभा, पंचायत समिती आणि अपघात, एवढंच माझ्या वाट्याला यायचं. एका वाचकाचं पत्र आलं की बाजारतळावरच्या तंबूत हिडीस विदेशी चित्रपट दाखवला जात आहे, प्रशासन झोपले आहे काय. संपादक म्हणाले, जाऊन बघ आणि चार ओळी दे. मी गेलो. चार ओळी काही दिल्या नाहीत. पुढचे पाच रविवार मात्र जात राहिलो.

तंबू मुल्लाशेठचा. वर्षभर त्यांचा बारदानाचा व्यापार, आणि दिवाळीनंतर पाऊस लागेपर्यंत गावोगाव तंबू टॉकीज. त्या हंगामात त्यांनी मुंबईच्या वितरकाकडे घोड्यांचा इंग्रजी सिनेमा मागितला होता. रिळांच्या पेट्या आल्या, उघडून चालवून पाहिलं, तर घोडा एकही नाही. काळे हातमोजे घातलेला एक माणूस, एक पडका बंगला आणि भरपूर किंचाळ्या. भाषाही इंग्रजी नव्हती. शेठ हवालदिल झाले. "घोडा राहू द्या," ते मला म्हणाले, "एखादं गाढव तरी असावं का न्हाई पिक्चरमधे?" पेट्या परत पाठवायच्या तर हंगाम बुडणार. मग गावातल्या पेंटरकडून फलक रंगवून घेतला. नाव ठेवलं 'खुनी हातमोजे'. पेंटरने परदेशी नायिकेच्या कपाळावर सवयीने कुंकू काढलं होतं.

सिनेमा गरिबीत काढलेला होता, हे कोणालाही कळलं असतं. सांगलीत दोन इंग्रजी भयपट पाहिलेल्या माणसाला त्यातलं सगळं ओळखीचं वाटलं असतं. न्हाणीघर तिथलंच, जिना तिथलाच, अंधारातून अंगावर उडी घेणारं मांजरही तिथलंच. एकच मोटार खुन्याची आणि फौजदाराची होती. रक्त तांबडं नसून केशरी होतं. मेलेल्या बाईची छाती वरखाली होत होती. हा दोष हवालदारांनी पुराव्यात घेतला होता. पडद्याजवळ जाऊन ते काठीने दाखवायचे, "बघा, श्वास चाललाय. मी काय खोटं बोलतोय?"

हवालदार म्हणजे तंबूचे ऑपरेटर. मशीन तेच चालवायचे आणि मशीनशेजारी टांगलेल्या माइकवर सिनेमाचा अर्थही तेच सांगायचे. वय पन्नाशीच्या पुढे, खाकी सदरा, पांढऱ्या होत आलेल्या मिशा, आणि उभं राहणं कवायतीतलं. ते हवालदार नव्हते. पलटणीतून लान्स नाईक म्हणून परतले होते. खोरेवाडी या त्यांच्या गावाने त्यांना परस्पर दोन बढत्या दिल्या आणि त्यांनी त्या नाकारल्या नाहीत. महायुद्धात दीड वर्ष इटलीत काढलेलं. मशीन चालवायला पलटणीतच शिकले. पेट्या आल्या त्या दिवशी शेठनी विचारलं, "हवालदार, ही भाषा तुमच्या इटालीची का?" हवालदारांनी पाच मिनिटं कान देऊन ऐकलं आणि सांगितलं, "इटालीचीच. पन दुसऱ्या तालुक्याची."

तेवढ्यावर त्यांची दुभाष्या म्हणून नेमणूक झाली.

दुभाष्या म्हणून ते निर्धास्त होते. त्यांच्या सांगण्यानुसार ती सगळी भानगड भाऊबंदकीची होती. टोपी घातलेली श्रीमंत बाई म्हणजे चुलती. चष्मेवाला वकील म्हणजे तलाठी. बंगला वाटणीत अडकलेला. परदेशातही सातबारा असतो आणि त्यावर नाव चढवताना तिकडेही माणसं एकमेकांच्या जिवावर उठतात, हे तालुक्याला त्यांच्यामुळे कळलं. लोकांना ते पटत असे. हातमोज्यांचा माणूस खून का करतो हे मूळ सिनेमात शेवटच्या रिळापर्यंत कळत नव्हतं. हवालदारांच्या सिनेमात ते पहिल्याच रिळात कळायचं, "बांध कोरलाय त्याचा."

सुरुवातीला ते पात्रांना आपल्याकडची नावं द्यायचे. एका गावात खुन्याचं नाव त्यांनी संपतराव ठेवलं. त्या गावच्या सरपंचांच्या चुलतभावाचं नाव संपतराव होतं, त्यांचा सरपंचांशी बांधावरून तंटा चालू होता आणि ते पहिल्या रांगेत बसले होते. पडद्यावर संपतरावांनी चुलतीला जिन्यावरून ढकललं तेव्हा खरे संपतराव उठून उभे राहिले. म्हणाले, "कोण म्हणतं मी ढकललं?" मागून कोणीतरी म्हणालं, "बसा तात्या, मिरजेला हलवलंय तिला." खेळ तिथेच संपला. पुढे खुन्याला नाव दिलं गेलं नाही.

तंबूत मशीन एकच. एक रीळ संपलं की दिवा लागायचा, हवालदार दुसरं रीळ चढवता चढवता आतापर्यंतची हकीकत सांगायचे, आणि जखमींची ख्यालीखुशालीही. "पहिल्या बाईनं आज पेज घेतली." त्यांच्या पत्नी मला एकदा म्हणाल्या होत्या, "घरी चार शब्द बोलत न्हाईत. समदं तिकडंच बोलून येत्यात." असा हा न थांबणारा आवाज तिसऱ्या रिळात मात्र बंद पडायचा.

तिसऱ्या रिळाच्या सुरुवातीला एक मुलगी बसमधून उतरते. उतरता दगडी चौक, मध्ये एक कारंजं, त्याला नळ. मुलगी हातातली पेटी खाली ठेवते, ओंजळीने पाणी पिते, रुमाल ओला करते आणि पायऱ्या चढून निघून जाते. मग एका खिडकीत काळा हातमोजा दिसतो. बस ते हातमोजा, दुसरं काही घडत नाही. माझ्या घड्याळात ही दीड मिनिटं भरली. या दीड मिनिटात कर्ण्यातून एक शब्द येत नसे.

"हवालदार, डुलकी लागली का?"

"कर्णा गेला गड्या."

"आवं सांगा की, कोण ही? कुणाची?"

खिडकीत हातमोजा आला की आवाज पुन्हा सुरू, जणू काही झालंच नाही.

दुसरी गोष्ट मी पुढच्या रविवारी पाहिली. जुनी प्रिंट सारखी तुटायची. तुटली की ऑपरेटर दोन्हीकडची फाटकी पट्टी कापून जोड लावतो, आणि दर जोडाला सिनेमा थोडा आखूड होतो. पाच आठवड्यांत न्हाणीघराचा खून निम्म्यावर आला. दोरीचा तर सुरू व्हायच्या आत संपायचा. "हवालदार, खून गेला कुठं?" असं लोक विचारायचे. तिसऱ्या रिळाला मात्र एकही जोड नव्हता. ते एकच रीळ हवालदार रोज सकाळी उन्हात बसून, जुन्या धोतराच्या मऊ तुकड्याने, हाताहाताने पुसून घ्यायचे.

तसंच ते पुसत बसले असताना मी विचारलं. वार्ताहर असल्याने सरळ विचारलं, की या रिळात काय आहे.

पट्टी पुसता पुसताच ते म्हणाले, "मारत्या हाय."

मारुती त्यांच्या आळीतला. दोघं एकाच दिवशी भरती झाले, एकाच बोटीतून गेले. इटलीत एका डोंगरी गावात, असाच उतरता चौक, असंच कारंजं. दोघांनी तिथे बाटल्या भरल्या. मारुती पोटभर पाणी प्याला आणि म्हणाला, पाणी लय गोड हाय, आईला सांगायला पायजे. दुसऱ्या दिवशी सकाळी गावापलीकडच्या चढावर तो पडला. लाकडं गोळा करून त्याला तिथेच अग्नी दिला.

"आई होती त्याची?" मी विचारलं.

"हाय अजून. बायजामावशी. आमच्यापासनं तिसरं घर. सकाळचं पानी मीच भरतो तिचं."

मग त्यांनी पुढचं सांगितलं, पट्टीवरची नजर न काढता. "तार आली हुती. मास्तरनं वाचून दाखवली. पन तिचा कागदावर इश्वास न्हाई. म्हणली, धोंड्या आला की त्यालाच इचारीन. मी रजेवर आलो तवा म्हातारी वेशीत उभी. म्हणली, मारत्या मागनं येतोय का? मला बोलवंना, साहेब. म्हणलं, दवाखान्यात हाय. बरा झाला की येईल."

"मग?"

"मग दोन वर्सं ती रोज वेशीत येऊन बसली. पलटण सुटल्यावर मी कायमचा आलो, तवा सांगितलं."

"काय म्हणाली?"

"काय न्हाई. पन तवापासनं माझं काय बी खरं मानत न्हाई. ऊन पडलंय म्हणलं तर भाइर येऊन बघती."

त्यांना एकच गोष्ट हवी होती. म्हातारीला तो चौक एकदा दाखवायचा. मुलगा कुठे गेला, शेवटचं पाणी कुठे प्याला, हे तिने तीस वर्षांत कशातही पाहिलं नव्हतं. पेट्या पुढच्या सोमवारच्या गाडीने मुंबईला परत जाणार होत्या. हवालदार तिला रोज पाण्याची घागर उतरवताना विचारत होते आणि ती रोज नाही म्हणत होती. "तुझा शिनेमा? त्यात समदी मिरजेला जात्यात म्हणं," हे तिचं उत्तर. शेवटी म्हणाली, "परक्या माणसानं सांगू दे. परक्याला खोटं बोलायचं काय कारण?"

परका माणूस मी होतो.

"तुमी फकस्त तिथं बसा," हवालदार म्हणाले. "ती इचारंल. काय दिसतंय ते सांगा."

अडचण अशी होती की काय दिसतंय ते मला माहीत होतं. आदल्या रविवारी मी रिळांचे डबे रचून ठेवायला मदत केली होती, आणि छापलेला कागद दिसला की वाचायचा या सवयीने डब्यावरची चिठ्ठी वाचली होती. निर्मितीचा देश: स्पेन. इटलीचा त्या सिनेमाशी काही संबंध नव्हता. हे हवालदारांना सांगायचं मी ठरवलं होतं, आठवडाभर रोज ठरवत होतो, आणि आता सांगायची वेळ निघून गेली होती. बातमीत गावाचं नाव चुकलं तर दुसऱ्या दिवशी खुलासा छापावा लागतो. माझ्या नावावर तोवर एकही खुलासा नव्हता.

रविवारी दिवेलागणीला, पहिल्या खेळाच्या आधी, म्हातारी बैलगाडीतून आली. सत्तरीच्या पुढची, बारीक, काठी टेकत. मुल्लाशेठनी स्वतः खुर्ची आणून ठेवली. ती खुर्चीकडे बघून जमिनीवर बसली. शेठ म्हणाले, "आक्का, ह्यात थोडं वंगाळ बी हाय, पन हवालदार तेवढंच दाखवनार. काळजी करू नका."

"मी काय बघायचं राहिलंय आता," म्हातारी म्हणाली.

शेठनी तंबूचे पडदे सोडले आणि स्वतः बाहेर जाऊन उभे राहिले. आत आम्ही तिघंच. मशीन सुरू झालं. बस आली, मुलगी उतरली, चौक दिसला.

म्हातारी पुढे सरकली. काठी मांडीवर आडवी घेतली. पडद्याकडेच बघत तिने मला विचारलं, "व्हय रं बाबा, हेच ते गाव? खरं सांग. तू काय आमच्यातला न्हवंस."

हवालदार मागे ताठ उभे होते.

"होय आजी," मी म्हणालो. "हेच."

तिने मान हलवली. पडद्यावरची मुलगी ओंजळीने पाणी प्याली. "हितनंच प्याला?"

"व्हय मावशी," मागून हवालदार म्हणाले.

"किती पानी वाया चाललंय बघ. नळ बंद करायला बी कोण न्हाई."

मुलगी पायऱ्या चढून गेली. आता खिडकीत हातमोजा यायचा होता. हवालदारांनी भिंगापुढे पंजा धरला आणि पडदा काळा झाला.

"का थांबवलंस?"

"फुडं काय न्हाई, मावशी."

"परत लाव."

त्यांनी रीळ हाताने उलटं गुंडाळलं, पुन्हा चढवलं, पुन्हा लावलं. तीन वेळा. पहिल्या खेळाचे लोक बाहेर जमायला लागले होते, कोणीतरी शिट्टी मारली, शेठनी त्याला दरडावून गप्प केलं. तिसऱ्यांदा पंजा भिंगावर आला तेव्हा म्हातारी काठी टेकून उठली.

"गोड हुतं म्हणाला?"

"लय गोड," हवालदार म्हणाले. "म्हणला, आईला सांगायला पायजे."

"बरं." दाराशी जाऊन ती थांबली. "उद्या पानी जरा लवकर आण. उनाच्या आत."

गाडी गेली. हवालदार रीळ गुंडाळत बसले. गुंडाळण्याचं चाक एका लयीत फिरत होतं. मी माझी वही उगीच उघडली आणि मिटली.

"बरं झालं व्हय म्हणालासा," ते म्हणाले.

मी वही खिशात ठेवली.

"तिथल्या कारंज्याला तीन नळ हुते, साहेब. ह्याला चार हायती."

चाक फिरत राहिलं.

"कधी दिसलं तुम्हाला?"

"पहिल्याच खेळाला."

"मग दर खेळाला तिथं गप्प का राहता?"

त्यांनी रिळाचं टोक बोटात धरलं, डब्यात रीळ ठेवलं आणि झाकण दाबलं. "मोजतो," ते म्हणाले. "वाटायचं, एखाद्या दिवशी तीन भरतील."

बाहेर घंटा झाली. पडदे वर गेले, लोक आत आले आणि आपापल्या जागा धरून बसले. त्या सिनेमाचा तो शेवटचा दिवस. पहिल्या रिळात चुलती जिन्यावरून पडली आणि हवालदारांनी तिला मिरजेला हलवलं. दुसऱ्यात दोघांना हलवलं. तिसरं रीळ चढलं, मुलगी बसमधून उतरली आणि कर्णा बंद झाला. "झोपला गड्या हवालदार," कोणीतरी म्हणालं.

मी त्या दिवशी मशीनजवळ उभा होतो. मीही मोजले. चार होते.